पलंगाखालची मराठी

जयपूरला संक्रांत होऊन महिना उलटला तरी झाडांवर, तारांवर मांजा लटकत असतो. काढायला कुणी जात नाही. आमच्या शाळेतल्या किश्श्यांचं तसंच आहे. चहाला चार माणसं जमली की मी एकेक सोडायला लागते, आणि मग नवरा म्हणतो, "बस कर आता, त्यांना घरी जाऊ दे."

नाही जाऊ देणार! ऐका.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली झाली म्हणून इथे आले आणि एका इंटरनॅशनल स्कूलला चिकटले ती चिकटलेच. गणित शिकवते. शिवाय दहावीनंतर कुणी कुठले विषय घ्यायचे, हे लोढणं माझ्याच गळ्यात. अभ्यासक्रम बदलल्यापासून तर फेब्रुवारी आला की आमची शाळा म्हणजे लग्नघर! रुसवे, फुगवे, काका, मामा, सगळे हजर.

यंदा माझाच जीव टांगणीला लागला होता. ऋजुता मेश्रामला मराठी हा विषय मिळणार की नाही? त्याच्यावर येतेच. पण आधी थाळी.

०००

नव्या अभ्यासक्रमाचं पहिलंच वर्ष. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात ज्यांचा पंपांचा कारखाना आहे ते गुप्ताजी आले. बरोबर बायको, आई, धाकटा भाऊ, आणि सगळ्यात मागे ज्याच्यासाठी हा लवाजमा आला होता तो मुलगा.

"मैडम, साइड कौन सी दिलाएँ? साइन्स या कॉमर्स?"

म्हटलं, आता साइडच नाही. सहा गट आहेत, प्रत्येकातून एकेक विषय उचलायचा. फिजिक्सबरोबर नाटक घ्या, इकॉनॉमिक्सबरोबर बायॉलॉजी घ्या. आमचे प्रिन्सिपॉल मॅथ्यू सर केरळातल्या कोट्टायमचे. त्यांनी यासाठी खास प्रेझेंटेशन केलं होतं, बाण, वर्तुळं, रंग, काही विचारू नका. ते अख्खं दाखवलं. गुप्ताजींच्या चेहऱ्यावरची रेष हलेना.

शेवटी त्यांच्या आई कंटाळून म्हणाल्या, "अरे, थाली है ये! थोड़ी दाल, थोड़ी सब्जी, थोड़ा मीठा. खाली चूरमा-चूरमा मत भर लेना!"

मॅथ्यू सरांनी त्या दिवसापासून प्रेझेंटेशन बंद केलं. आता पालकसभेत ते सूट घालून उभे राहतात आणि म्हणतात, "देखिए, ये एक थाली है." कुणाला काही शंका नसते.

०००

या अभ्यासक्रमात आणखी एक नवीन कलम आलं. मुलांनी स्वतःच्या हातांनी समाजाचं काहीतरी काम करायचं. आम्ही मुरलीपुऱ्यातल्या एका सरकारी शाळेच्या भिंती रंगवायला घेतल्या. सगळी मुलं आली. आदित्य नावाच्या एका मुलाच्या जागी मात्र त्यांच्या घरचे ड्रायव्हर भंवरजी आले!

मी आदित्यच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "मैडम, इसको धूल से एलर्जी है. और भंवरजी इससे अच्छा करेंगे, आप देखना!"

केलं की हो! भंवरजींनी इतकी सुरेख किनार काढली की आमच्या आर्टच्या मॅडम बघत राहिल्या. मग वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात समाजकार्याचं प्रशस्तिपत्र द्यायची वेळ आली तेव्हा माइकवरून नाव पुकारलं, "श्री भंवरलालजी!"

मुलांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. आदित्य कानापर्यंत लाल झाला. आणि पुढच्या रविवारी साहेब स्वतः मुरलीपुऱ्याला हजर, भंवरजी त्याला ब्रश कसा धरायचा ते शिकवताहेत! यंदा तर आईपण आली होती. धुळीची अ‍ॅलर्जी कुणाचीच राहिली नाही.

०००

कार्तिक आमच्याकडे आला तो गोपालपुऱ्याच्या कोचिंगमधून पळून. मतलब, आईबापांना सांगूनच, पण पळूनच. हॉस्टेल सोडलं, गादी गुंडाळली आणि आमच्याकडे फिजिक्स आणि संगीत घेतलं.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर गणित घातलं. कार्तिकचं पेन हलेना.

"काय रे?"

"मैडम, ऑप्शन दीजिए ना. ए, बी, सी, डी. बिना ऑप्शन के कैसे बताऊँ?"

मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. एवढा हुशार मुलगा, पण उत्तर कुणीतरी आधी समोर मांडून ठेवायचं आणि याने बोट ठेवायचं, अशी सवय झालेली. वर्षभर मी त्याला एक ऑप्शन दिला नाही.

यंदाच्या चाचणीत मात्र मीच घाईघाईत एक पर्यायवाला प्रश्न घातला. कार्तिकने चारही पर्यायांवर काट मारली, खाली दोन पानं गणित मांडलं आणि लिहिलं, "मैडम, चारों गलत हैं. सवाल भी."

मी तपासलं. पोरगं बरोबर होतं! प्रश्नच चुकला होता. मी तो पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि एकेकाला पकडून दाखवला, वर हातावर पेढाही ठेवला. शेवटी मॅथ्यू सर म्हणाले, "मैडम, गलती आपकी है और पेड़े भी आप बाँट रही हैं?"

म्हटलं, मग काय! खा गुपचूप!

०००

आता ऋजुता.

ऋजुताचे बाबा रेल्वेत सिग्नल विभागात इंजिनीअर. घर मूळचं नागपूरकडचं. आई आमच्याच प्रायमरीत शिकवते, म्हणून मुलगी आमच्या शाळेत. जन्म जयपूरचा. वर्गात इतकी शांत की हजेरी घेताना दोनदा बघावं लागतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे विषयांची जत्रा भरते. प्रत्येक शिक्षकाने स्टॉल लावून मुलांना आपल्या विषयाकडे ओढायचं. केमिस्ट्रीवाले फेस उडवतात, इकॉनॉमिक्सवाले कचोरीचा भाव पाडतात. नाटक शिकवणाऱ्या फरीदा मिसने मात्र स्टॉलवर नुसती एक खुर्ची ठेवली. जो येईल त्याला म्हणायची, "बैठो. कोई भी सब्जेक्ट मुझे बेचकर दिखाओ."

कुणी फिजिक्स विकलं, कुणी स्पॅनिश. आणि ऋजुता येऊन बसली. कधी नव्हे ती बोलायला लागली.

"मिस, मैं मराठी बेचूँगी. पापा हर साल छुट्टी लेकर नागपूर जाते हैं, दीक्षाभूमी पर. सब लोग वहाँ से किताबें खरीदते हैं. पापा भी थैला भरकर लाते हैं. हमारे पलंग के नीचे किताबें ही किताबें हैं. मैं पढ़ सकती हूँ, हिंदी वाले ही अक्षर हैं. लेकिन घर में बोलते हैं उतनी ही मराठी आती है, किताब वाली समझ नहीं आती. मतलब, अपने ही घर की किताबें हैं, और मैं बाहर खड़ी हूँ."

स्टॉलसमोरची पोरं जवळ सरकली. मग एकाने विचारलं, "ये सब्जेक्ट मिलेगा कहाँ?"

कुठेच नाही मिळणार! आमच्याकडे मराठी नव्हतीच. मी तडक मॅथ्यू सरांकडे. नियमात एक सोय आहे, शाळा शिकवत नाही ती मातृभाषा मुलाने स्वतः शिकायची आणि कुणीतरी मोठ्याने देखरेख करायची. म्हटलं, देखरेख मी करते.

सर म्हणाले, "आप तो मैथ्स हैं."

"गणित मी पोटासाठी शिकवते सर, भांडते मराठीतच!"

सरांनी अट घातली. एका शनिवारी ऋजुताने त्यांच्यासमोर एका मराठी पुस्तकावर पंधरा मिनिटं बोलायचं. हिंदी नाही, इंग्रजी नाही. जमलं तर विषय सुरू. नाही जमलं तर बाकीच्यांसारखी हिंदी घ्यायची, आणि पुढची दोन वर्षं पुस्तकं पलंगाखालीच.

घरी येऊन मी होती नव्हती ती मराठी शोधली. पाककृतींची दोन पुस्तकं, जुने दिवाळी अंक आणि भिंतीवरचं कॅलेंडर! नवरा म्हणाला, "तुझा आवाज धर की, तोही मराठीच आहे."

मग मीच गेले रेल्वे क्वार्टरला. मेश्राम ड्यूटीवर होते. ऋजुताने पलंगाची फळी उचलली आणि अगं बाई! तळापर्यंत पुस्तकं, प्रत्येक पिशवीत कडुनिंबाचा पाला. तिने एक काढलं. एका नर्सबाईंचं आत्मचरित्र. मध्ये एका पानाचा कोपरा दुमडलेला. मी सवयीने तो सरळ करायला गेले.

"नको मॅडम! बाबांची खूण आहे. मी लहानपणापासून बघून राहिली, ते पान तसंच ठेवतात."

मला वाटलं, आवडतं पान असणार. होतंही पान तसंच, लक्षात राहणारं. त्या पानावर नर्सबाई नेमणुकीच्या गावी पोचतात. जात कळल्यावर गावात कुणी त्यांना खोली देत नाही, आणि त्या ट्रंक घेऊन भर उन्हात एका बंद दारासमोर उभ्या राहतात.

रोज मधल्या सुट्टीत आम्ही गणिताच्या वर्गात वाचायला लागलो. "मॅडम, ओसरी मतलब? पडवी मतलब?" सांगून कळेना, तेव्हा मी फळ्यावर घरच काढलं. अंगण, ओसरी, पडवी, उंबरठा, माजघर. कार्तिक शंका विचारायला आला आणि फळ्याकडे बघत म्हणाला, "मैडम, ये कौन सी जॉमेट्री है?" ऋजुता "घर भेटलं" म्हणाली की मी "घर मिळालं" म्हणायची. एकदा ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी तर भेटतंच." मग मीही सोडून दिलं. त्यांच्या घरी भेटतं तर भेटू दे!

शनिवारी हॉलमध्ये मॅथ्यू सर, फरीदा मिस, मी, आणि शेवटच्या रांगेत ऋजुताचे आईबाबा. मेश्राम रात्रपाळी करून सरळ आले होते, बुटांवर रुळांची धूळ.

ऋजुता बोलायला लागली. नर्सबाईंचं बालपण झालं, ट्रेनिंग झालं, गाव आलं. त्या ट्रंक घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, आणि इथे ऋजुताही उभीच राहिली. शब्द सुचेना. हिंदी शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. मी पदर मुठीत आवळून धरला. मागे मेश्राम खुर्चीच्या अगदी कडेला आले होते.

तिने डोळे मिटले. बोटाने हवेत काहीतरी काढलं. अंगण, ओसरी, पडवी...

"उंबरठा!" म्हणाली. "उंबरठ्याच्या बाहेर उभ्या होत्या."

आणि मग जी सुटली! ज्या सुईणीने सगळ्यात जास्त विरोध केला होता, तिनेच संध्याकाळी स्वतःची पडवी झाडून दिली. तिथेच नर्सबाईंनी दवाखाना मांडला, आणि म्हातारपणी त्याच गावात दोन खोल्या बांधल्या. त्या घराला त्यांनी उंबरठाच घातला नाही. एवढं सांगून ऋजुता थांबली. मी रडत होते. अहो, का नाही रडायचं? माझी पोरगी होती ती!

मॅथ्यू सर उठले. "मैडम, मुझे एक भी शब्द समझ नहीं आया."

मी भांडायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ते म्हणाले,

"लेकिन मेरी बेटी मलयालम में मुझसे दो मिनट बात नहीं करती. डालिए इसको थाली में."

फरीदा मिसने शिट्टी मारली, खरंच मारली! ऋजुता आईच्या गळ्यात पडली. मी मेश्रामांकडे गेले आणि म्हटलं, "अभिनंदन मेश्रामसाहेब! तुमचं आवडतं पान काय सांगितलं हो तिने!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. डोळे भरलेले, आणि चेहरा एवढा आनंदलेला की काय सांगू.

"म्हणजे भेटलं तिला घर!" ते म्हणाले. "मॅडम, मी वाचता वाचता त्या पानावर होतो आणि ऋजू झाली. मग रात्रीची जागरणं, मग ड्यूट्या, पुढचं पान उलटणं झालंच नाही. इतकी वर्षं माझ्यासाठी ती बाई ट्रंक घेऊन तिथंच उभी होती ना!"