इस्तारीची ओली धार

इस्तारी एका दमात तीन-चार शब्द बोलायचा. मग थांबायचा, श्वास गोळा करायचा आणि पुढचं बोलायचा. नव्या माणसाला वाटे, हा भारी अकडू आहे. बदली होऊन सौंदडला आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं. "मास्तर का जी," तो म्हणाला, थांबला, "बसा. येळ लागंल." आणि हातातल्या विळ्याकडे वळला. मास्तरला भाव न देणारा गावात एक तरी निघाला, असं मी मनाशी म्हटलं.

स्टेशनच्या वाटेवर चिंचेखाली त्याचं धारेचं चाक होतं. कुरुंदाच्या दगडाची भुकटी वितळलेल्या लाखेत कालवून ते तो स्वतःच घडवायचा. समोर त्याची बायको भागरता बसे. आसाला गुंडाळलेला चामडी पट्टा ती दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायची, चाक गरगरायचं आणि इस्तारी त्यावर पातं धरायचा. पोलादाची करडी धूळ दोघांच्या पापण्यांवर बसे. चाक तापलं की जळक्या लाखेचा धूर निघे आणि जवळ उभ्या माणसाचेही डोळे चुरचुरत.

चाकावर पाणी ठिबकत ठेवलं की धूळ उडत नाही, लाखही जळत नाही. हे इस्तारीला चांगलं ठाऊक होतं. पण ओल्या चाकावर ठिणग्या उडत नाहीत, आणि ठिणग्या पाहिल्याशिवाय धार लागली असं आमच्याकडे कोणी मानत नसे. त्यानं एका हंगामात पाणी वापरून पाहिलं होतं. "तू तं नुसता धुऊन राहिला बापा," असं म्हणत गिऱ्हाइकं आठवडी बाजारातल्या दुसऱ्या धारवाल्याकडे गेली. "लोकाइले तमाशा पायजे," इस्तारी सांगायचा, श्वास घ्यायचा, "धार कोनाले पायजे?" मग चाक पुन्हा कोरडंच फिरू लागलं.

त्याचा खोकला ऐकून येणारा-जाणारा त्याला बिडी सोडायला सांगे. त्यानं जन्मात बिडी ओढली नव्हती. आधी तो प्रत्येकाला तसं सांगायचा, नंतर कंटाळून नुसती मान हलवू लागला. शेवटी मीच त्याला गाडीत घालून गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, धंदा विचारला आणि म्हणाले, "ये क्षय नहीं है भाई, लोहे की धूल है. गीला काम करो, नहीं तो छोड़ दो." मग त्यांनी चाक कोण फिरवतं ते विचारलं. इस्तारी सदऱ्याची बटणं लावू लागला.

परतीच्या गाडीत तो माझ्याकडे वळला. "माझं तं झालं," तो म्हणाला. "भागरता बी आता खोकलून राहिली, मास्तर." दुसऱ्या दिवशी त्यानं चाकावर बुडाला भोक पाडलेलं मडकं टांगलं. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, पण तो हटला नाही. "माह्या संगं तिले कायले नेऊ?" एवढंच म्हणायचा. मीही पेटलो. शाळेत, चावडीवर, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्याला ओल्या धारेचे फायदे सांगू लागलो. माझी फार करमणूक होत असावी लोकांना. तरी दोन-चार घरं ऐकू लागली आणि मी स्वतःवर खूश झालो.

मग कार्तिक आला. महायुद्धात सगळं लोखंड जात असल्यामुळे नवे विळे मिळत नव्हते. मी वाट्यानं केलेल्या भातखाचरातलं हलकं, लवकर येणारं धान पिकून झडायला आलं होतं, वर आभाळ भरलं होतं आणि बारा माणसं त्या बांधीत बोथट विळे घेऊन बसली होती. ते बाराही विळे गोळा करून मी इस्तारीकडे धावलो. मडकं ठिबकत होतं, काम आपल्या चालीनं चाललं होतं, पुढे आणखी तिघं बसले होते. ते तिघं निघून जाईतो मी कसाबसा दम धरला आणि मग म्हणालो, "इस्तारी, आजच्यापुरतं कोरडं चालव ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागवायलाही दम लागतो. मडक्याच्या भोकात चिंधी कोंबून तो बायकोला म्हणाला, "जाय, पानी आन." मडकं काठोकाठ भरलेलं होतं. भागरताला सगळं कळलं. ती घागर उचलून निघून गेली.

"आता तुमी वढा जी," इस्तारी मला म्हणाला.

मी पट्टा ओढू लागलो. ठिणग्यांचा पाऊस पडला. तिसऱ्या विळ्याला माझा घसा सोलवटला, सहाव्याला डोळे उघडवेनात. इस्तारी मात्र शांतपणे पातं फिरवत होता, मधूनच तोंड वळवून खोकत होता. बाराही विळे झाले. धान कापून झालं. पाऊस आलाच नाही. पुढं तीन दिवस मी नाक शिंकरलं की काळं पडायचं, आणि हा माणूस वीस वर्षं हेच आत घेत होता.

माघात तो गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं होता येत नसे. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेला. त्या बारा विळ्यांनी त्याचा जीव घेतला असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण शब्द मी टाकला होता, तोही सगळं ठाऊक असताना. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या हंगामाला चाकावर भागरता बसली. पट्टा तिची नणंद ओढत होती, वर मडकं ठिबकत होतं. कापणी सुरू झाली तसा मी विळे घेऊन गेलो आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो. तिनं विळे मोजून घेतले, पदरानं तोंड पुसलं, थोडी खोकली.

"घाई हाय का जी, मास्तर?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिनं विचारलं.

बांधीत बारा माणसं माझी वाट पाहत होती.

"नाही," मी म्हणालो, आणि दिवसभर तिथंच बसून राहिलो.