रविवारची आवस

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्यात एका कचेरीत मी कार्डं पंच करायची. संगणक नावाचं धूड खोलीभर पसरलेलं असायचं आणि त्याला जे सांगायचं ते जाड कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागायचं. दुसऱ्यांच्या प्रोग्रामची भोकं पाडून पाडून मी वैतागले आणि साहेबांच्या मागे लागून स्वतःच फोरट्रान, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकायला लागले. पहिला गृहपाठ मिळाला तारखांचा. एक तारीख घ्यायची, तिच्यात ठरावीक दिवस मिळवत जायचं आणि पुढच्या तारखा छापून काढायच्या. वाटलं, यात काय आहे! पण कुठला महिना तिसाला संपतो, कुठला एकतिसाला, आणि फेब्रुवारीची तर तऱ्हाच निराळी. माझ्या प्रोग्रामने बत्तीस जुलै छापला. सगळी कचेरी हसली.

ते एकदाचं सुधारलं आणि मला स्वतःसाठी तारखा काढायची हुक्की आली.

आमचं घर वडिवळ्याला. रविवारी मी कामशेतला उतरून चालत घरी जायची. घर मिळायचं, आई मिळायची नाही. भातलावणीच्या दिवसांत आबा, म्हणजे माझे वडील, बैलांनी चिखलणी करायचे आणि मागोमाग आई रोपं लावत जायची. ती चिखलात, मी बांधावर. मान वर करून "जेवलीस का गं?" एवढंच विचारायची. फक्त आवसेला, म्हणजे अमावस्येला, आमच्याकडे बैल जुंपत नसत. त्या दिवशी आई उंबऱ्यापाशी बसून माझ्या डोक्याला तेल चोळायची, केसांतला गुंता सोडवायची आणि गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची. हॉस्टेलच्या कॉटवर पडलं की त्या बोटांची इतकी आठवण यायची की डोकं खरंच ठणकायला लागायचं. मला आई अख्खी हवी होती, एक दिवस तरी.

म्हणून मी मशीनला सांगितलं, ही अमावस्या धर, एकदा तीस दिवस मिळव, एकदा एकोणतीस, आणि रविवारी पडेल तेवढीच छाप. ऐन लावणीतला एक रविवार निघाला. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण तिकडे बघतो कोण! नवी विद्या आली होती ना अंगात. त्याआधीच्या खेपेला आईला सांगून आले, "पुढच्या आवसेला मी येतेय, रविवारी." "ये, वाट बघती," ती म्हणाली.

गेले. लांबूनच बैल दिसले, जुंपलेले. चंद्र काही माझ्या तीस-एकोणतिसाच्या हिशेबाने चालत नव्हता. आवस शनिवारीच होऊन गेली होती.

"काल आली न्हाईस ती," आई चिखलातूनच म्हणाली. "आवस व्हती ना? दिस बुडंस्तवर दारात बसले व्हते मी. त्याल बी कोमट केलं व्हतं."

मी बांधावर बसले आणि भोकाड पसरलं. नोकरी करणारी, पगार घेणारी बाई मी, नाक पुसत सांगत होते की मशीनने रविवार सांगितला होता. आईला काही उमगेना. तिच्या हातात रोपांची मूठ तशीच राहिली.

लावणीच्या दिवसांत आबा कुणाचं ऐकत नसत. खाचरात पाणी उभं आहे तोवर हात थांबवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बैल सोडले.

"अवो, रोप खोळंबलंय की!" आई घाबरली.

"ऱ्हाऊ दे. पोरीच्या डोक्याला त्याल लाव, जा."

शेजारच्या खाचरातून हाक आली, "भाऊ, आवस काल झाली न्हवं? आज बैलं का सोडली?"

"आमच्यात आज हाय," आबा म्हणाले आणि बैल घेऊन ओढ्याकडे निघून गेले.

आईने हात धुतले, तरी तेलाला चिखलाचा वास येत होता. दुपारभर ती माझ्या केसांत बोटं घालून बसली.

आता दोघंही नाहीत. हल्ली नातवाचा फोन हव्या तेवढ्या वर्षांच्या अमावस्या क्षणात काढून देतो, एकही चुकत नाही. रविवारची आवस आली की मी तेल कोमट करते आणि उंबऱ्यापाशी बसून डोक्याला लावते. पण बोटं आपलीच असतात, ते डोक्याला कळतं.