लोणंद ते दिघंची: कॅनभर गारठ्यासाठी

पुण्याहून निघाले तेव्हाच माझं डोकं सणकलेलं होतं. मागच्या सीटवर रिकामा कॅन खडखडत होता आणि म्हसवडच्या माळावर यंत्राजवळ बसलेला माझा सहकारी शिरीष सारखा फोन करत होता, "मॅडम, तापायला लागलंय."

यंत्र म्हणजे आमचा अवरक्त वर्णपटमापक. मी खगोलशास्त्रज्ञ. धुळीच्या ढगांत नवे तारे कसे जन्मतात, हे बघण्यात माझी अख्खी नोकरी गेली. असा तारा डोळ्यांना दिसत नाही, त्याची नुसती ऊब बाहेर येते. ती टिपायची तर यंत्र आधी भयंकर गार हवं, नाहीतर त्याला स्वतःचीच धग दिसत बसते. त्यासाठी लागतो द्रवरूप नायट्रोजन. आज रात्री चाचणी झाली नाही तर परवा समितीपुढे ठेवायला हातात काही नाही, आणि मग हे यंत्र कुठल्याच दुर्बिणीवर चढणार नाही. निवृत्तीआधीचं माझं हे शेवटचं काम.

नायट्रोजनवाला लोणंदचा. त्याला कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. कांद्याच्या ट्रकांतून वाट काढत पोचले, तर पठ्ठ्या निवांत चहा पीत बसलेला.

"मॅडम, टाकी संपली की. काल मोठं लगीन होतं. नवरा-नवरी धुरातनं येत्यात न्हवं का!"

"माझा नायट्रोजन तुम्ही लग्नात उडवलात?"

"लय भारी धूर झाला बघा."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जोडप्याला मी ओळखतही नाही, पण फलटण येईपर्यंत त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या.

फलटणच्या पुढे ऊस मागे पडतो. दहिवडीकडे चढलं की सगळं उघडंबोडकं. कुसळं, बाभळी आणि रस्ताभर मेंढरं. मी हॉर्न वाजवत सुटले. धनगर शांतपणे काचेशी वाकला. "आवं बाई, मेंढरास्नी हारन कळत न्हाई." कळप त्याच्याच चालीने गेला.

म्हसवडला खानावळीत बसले. बाईंनी न विचारताच माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढे ठेवलं. चांगलं होतं, पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी कशाला वणवण करतेय ते ऐकून त्या म्हणाल्या, "दिघंचीकडं जनावरांच्या दवाखान्यात असतोय की त्यो. कांड्या ठेवत्यात त्यात." कांड्या म्हणजे वळूचं गोठवलेलं बीज भरलेल्या बारीक नळ्या.

सांगली जिल्ह्यात शिरून दवाखाना शोधला. डॉक्टरांनी कॅनचं झाकण उघडून दाखवलं. तळाशी थोडा नायट्रोजन होता, माझ्या रात्रीपुरता. त्यांचीही नायट्रोजनची गाडी आली नव्हती. "देता येणार नाही, मॅडम," ते म्हणाले. मी सरळ ओळखीच्या एका बड्या अधिकाऱ्याला फोन लावला. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन वाजला. "हो साहेब, हो साहेब" करून त्यांनी मुकाट्याने कॅन उचलला.

"आन माजी कांडी?"

पायरीवर बसलेली एक बाई उठून उभी राहिली होती.

"गाय सकाळी माजावर (फळायच्या वेळेला) आलीया. तुमीच म्हनला, सांच्याला भरवू. ह्यो वतून दिला तर तवर कांडी मरंल न्हवं?"

"व्हय," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"गाईचं नंतर बघता येईल," मी म्हणाले.

"दोनदा उलटली (गाभण राहिली नाही). मालक मुंबैवरनं सांगत्यात, ह्या येळंला न्हाई राह्यली तर बाजार दाव. पाडीपासनं वाढीवलीया म्या." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाला कशाला पायजे?"

"तारा जन्मताना बघायचाय!"

"त्येला जलमाय किती दिस लागत्यात?"

"लाखो वर्षं."

"मग त्येला कसली घाई हाय, बाई?"

हे बोलणं मला मुळीच आवडलं नाही. तारा थांबेल, माझी निवृत्ती थांबणार नाही, हे तिला सांगून काय उपयोग? तिची गाय तरी कुठे थांबणार होती? डॉक्टर कॅन तिरका करून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. पांढरी वाफ नुसती वाया चालली होती.

"झाकण लावा आधी!" मी त्यांच्यावरच खेकसले. "आणि संध्याकाळी हिच्याकडे जायला विसरू नका."

बाईने आभार मानले नाहीत. का मानावेत? कांडी तिचीच होती.

माळावर पोचले तेव्हा शिरीषने यंत्र बंद केलं होतं. त्याने शेवटी टिपलेलं चित्र पडद्यावर तसंच होतं: स्वतःचीच धग, सगळं पांढरंफटक. आम्ही खोकी भरली आणि पुण्याला परतलो.

समितीत विचारलं गेलं, "चाचणी का झाली नाही?"

"एक गाय माजावर होती," मी म्हणाले.

सगळे हसले. नंतर "पुढच्या वर्षी बघू" असं ठरलं. पुढच्या वर्षी मी घरी बसलेली असेन. जन्मभर ज्याच्या मागे धावले ते खोक्यात पडून राहिलंय, आणि माझा राग काही उतरत नाही.

त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही. रोज वाटतं, दवाखान्यात फोन करावा, आणि रोज धीर होत नाही. एवढं होऊन ती गाय गाभण राहिली नसेल, तर कुणी मला ते सांगायला येऊ नका.