पांढऱ्या कापडावरचं काळं पातेलं

एलिओदोरो आस्प्रियाबद्दल चांगलं लिहावं असं माझ्या मनात नाही. आमच्या किब्दो गावात त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं कोणी मला भेटलेलंही नाही. पण माझ्या मुलीचं, यासिरीचं, पुढचं सगळं या माणसाच्या एका पत्रावर अडकलं होतं.

विशीत तो नदीच्या वरच्या अंगाकडून लाकडाच्या तराफ्यावर बसून आला आणि बाजारामागच्या खोलीत ओळखपत्रांचे फोटो काढू लागला. पुढे तीस वर्षं, गावात कुठलीही मुलगी पंधरा वर्षांची झाली की पांढरा झगा घालून त्याच्यासमोर बसायची. तो फोटो मोठा करून घरोघरी दिवाणखान्यात टांगला जायचा. मीही बसले होते. मग मोबाइल आले, गिऱ्हाईक गेलं, बायकोही गेली. त्याच खोलीत त्याने फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला. भिंगांना बुरशी धरू नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवतो. माणसांशी मात्र तो इतका जपून वागत नाही.

यासिरीच्या वर्गात अकरा जण होते, चार उरले. पहिले तीन महिने फ्लॅशला हात लावायचा नाही. एक खिडकी, तिच्यावर जुनी चादर, आणि उजेड परतवायला चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा. समोर पांढऱ्या टेबलक्लॉथवर काजळी धरलेलं पातेलं.

"कॅमेरा पांढऱ्याची बाजू घेतो," तो म्हणायचा. "कापड सांभाळतो आणि पातेलं बुडवतो. पातेल्याची बाजू तुम्ही घ्यायची." पातेलं काळ्यात बुडालं की घरी जा. राखेसारखं उजळलं, तरी घरी जा.

"सोडून दे तो वर्ग," मी कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "आई, आज पातेल्याचा काठ दिसला."

शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या मुलीचा पंधराव्या वाढदिवसाचा फोटो. मेदेयीन या मोठ्या शहरातला एक स्टुडिओ त्याच्या पत्रावर मुलांना कामाला घेतो, आणि पत्र शनिवारपर्यंत पोचायला हवं होतं. यासिरीने शेजारच्या एर्मिलाच्या मुलीचा फोटो काढायचं ठरवलं.

"जरा उजळ कर गं," एर्मिला म्हणाली. "झग्याला शोभायला नको?"

यासिरी माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "त्यांचा फोटो आहे. त्या सांगतात तसं कर."

तिने फ्लॅश अगदी तोंडासमोर धरला, राहिलेलं काम कॉम्प्युटरवर केलं. एर्मिला खूश झाली. आस्प्रियाने सगळ्या वर्गासमोर फोटो उचलून धरला. "ही कोण? पिठाच्या पोत्यात पडलेली दिसते. पत्र मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा माझा पंधराव्या वर्षाचा फोटो उतरवला आणि त्याच्या टेबलावर आपटला. यासिरी मागोमाग येऊन दारात उभी राहिली. या फोटोत मी कॉफीत नको इतकं दूध पडल्यासारखी दिसते. माझे नाकडोळे आजीचे, आणि तिनेच हा फोटो बघून विचारलं होतं, "ही पाहुणी कुठली?"

"ओळखता?" मी विचारलं.

"माझंच काम. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून उजळवलाय. तीन तास लागले होते."

"मग माझ्या मुलीला कुठल्या तोंडाने बोलता?"

"याच. तुझ्या आईने सांगितलं, मी केलं. तू सांगितलंस, हिने केलं. तुमच्या घरात आया फार बोलतात."

"आणि तुमच्या घरात बोलायला कोणी उरलं नाही."

हे मी बोलायला नको होतं. तो तांदळाचा डबा उघडून भिंग पुसत बसला. पुसता पुसता म्हणाला, "पत्र हवं तर शनिवारच्या आत दुसरा चेहरा आणायचा. पांढऱ्या कपड्यात."

एर्मिलाने परत मुलीला बसवायला साफ नकार दिला. तिच्या दारातच यासिरी माझ्याकडे वळली. "आई, तूच बस."

पांढरं माझ्याकडे काही नव्हतं. वर्गात आस्प्रियाने पातेल्याखालचा टेबलक्लॉथ ओढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. न्हाव्यापुढे बसावं तशी मी दोन तास बसले. यासिरी चादर सरकवायची, पुठ्ठा कलता करायची, परत उजेड मोजायचं मीटर बघायची. तो मागून एवढंच म्हणायचा, "कापड बघू नकोस."

"मान अवघडली माझी," मी म्हटलं.

"बाईसाहेब, गप्प," यासिरी म्हणाली. "ओठ हलला की गालावरची सावली मोडते."

फोटोत कापड जरा जास्तच पांढरं आलंय. मी मात्र आहे तशी आलेय, काळी. भुवईवरचा व्रण दिसतो, डोळ्यांखालची जागरणं दिसतात, आणि आजीचं नाक. त्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि पत्र लिहायला घेतलं.

"तुझा जुना फोटो ठेवून जा," लिहिता लिहिता म्हणाला. "वर्गाला दाखवीन. काय करू नये म्हणून."

"नाही," मी म्हटलं आणि तो उचलला.

पत्र मी घरी उघडून वाचलं. "हात चांगला. सावली कळते. आईचं ऐकण्याची खोड आहे, पण मेदेयीनमध्ये आई नसेल, तेव्हा चालेल."

ते फाडावं असं मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. परत पाकिटात घातलं आणि पाकीट तिच्या बॅगेत, कपड्यांच्या अगदी वर ठेवलं.