प्लग कुणी आवळला

आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्याला सुटत नाही अशी त्यांची ख्याती, आणि पाहुण्यारावळ्यांत ती ते स्वतःच सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात विमान बांधायला घेतलं. रिमोटवरचं, पण पंख माझ्या कवेत न मावणारे आणि नाकात खरंखुरं पेट्रोलचं इंजिन. या वयात माणसं माळ ओढतात, आमचे हे पंखा फिरवतात, असं मी चिडवायचे.

पण विमान उडेना. घरी इंजिन छान चालायचं. सिरसाळ्याच्या पुढच्या माळावर नेलं की थोडं धावायचं, तापायचं, फटफट करायचं आणि ऐन उडायच्या वेळी बंद पडायचं.

"कावून बंद पडतंय बे?" हे धाकट्या दिराला विचारत, जसा काही दोष त्याचाच.

"दादा, पेट्रोलच खराब हाय. लई भेसळ असती आजकाल."

पेट्रोल बदललं. ऑइल कमी केलं, मग वाढवलं. बॅटरी नवी आणली. कार्बुरेटरचा स्क्रू इतका इकडेतिकडे फिरवला की मुळात तो कुठं होता हेच कुणाला आठवेना. शिवाय दर वेळी इंजिनातला ठिणगी पाडणारा प्लग काढून पुसणं आलंच. आमच्याकडे फवारणीचा पंप असो की मोटारसायकल, पहिला इलाज तोच. प्लग परत बसवायचे मात्र हेच. एकाचं हत्यार दुसऱ्यानं धरलं की ते रुसतं, असा आमच्या घरातला नियम. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण यांच्या पान्याला कधी हात लावला नाही.

मला काहीच उमजत नव्हतं. इंजिनाचं तर नाहीच, यांचंही नाही. जेवताना बोललेच तर, "एकदा उडलं पायजे," एवढंच. नाही उडालं तर काय, असं विचारायची मला भीती वाटायची.

त्या रविवारी सकाळी पुन्हा तेच झालं. दोघं भाऊ बाभळीखाली चहा प्यायला बसले आणि मी चिंधीनं इंजिन पुसायला घेतलं. प्लगच्या बुडाशी काळं तेल पाझरलं होतं. कुकरची रिंग सैल झाली की कडेनं असंच पाणी येतं. मी चिंधीतूनच प्लग धरला, तर तो फिरला! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"अहो, प्लग ढिला हाय!"

ते तणतणत आले. "माझ्या हातचा? हादऱ्यानं सुटला आसंल." पाना लावला, दात खाऊन जोर केला, तोंड लालबुंद झालं. "घे. आता कुणाच्या बापाला सुटायचा न्हाई." आणि रिमोट आणायला ते दिराच्या गाडीकडे गेले.

मी सहज पुन्हा हात लावला. प्लग फिरला.

आवळल्यापासून इंजिन तर चालूच केलं नव्हतं. मग हादरा कुठला? मी खुळ्यासारखी प्लगकडे बघत राहिले. आणि मग लोणच्याच्या बरणीचं झाकण आठवलं. हल्ली हे बरणी उघडायला माझ्याकडे सरकवतात. मला वाटायचं, आळस.

आता काय करू? तसाच ठेवला तर विमान पडून राहणार आणि हे झुरत राहणार. आवळला तर यांना वाटणार, आपणच आवळला. कशात यांचं भलं आहे ते कळेना. ते परत येताना दिसले. मी पाना उचलला, प्लग टेकेपर्यंत आवळला, वर थोडा नेट दिला आणि प्लगवर वायरची टोपी चढवली.

विमान उडालं. ज्वारीच्या धसकटांवरून गेलं, वळलं, पुन्हा आलं. दीर लहान पोरासारखा नाचला. मला रडू आलं, आणि त्यात आनंदही होताच, खोटं कशाला सांगू.

विमान खाली उतरल्यावर यांनी रिमोट दिराकडे दिला. उजवा हात माझ्यापुढं धरून बोटं मिटली, उघडली.

"लई दिवस वाटत होतं, हात गेला म्हणून. कुणाला बोललो न्हाई. तुला बी न्हाई." ते हसले. "पर बघितलंस? न्हाई गेला."

उद्याच यांना अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवायचं, असं मी पाना खाली ठेवतानाच ठरवलं होतं. आता कोणत्या तोंडानं म्हणू, चला?