विजयसिंह मेला त्या दिवशी

प्रसेनजीत कांबळे गोव्याच्या एका क्लबकडनं सात हंगाम बचावफळीत खेळला. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातनं वर आलेलं पोरगं पैसे घेऊन फुटबॉल खेळायला गेलं, म्हणून पेठेत त्याच्या नावाचा फलकही लागला होता. मग डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. दोन ऑपरेशनं झाली. क्लबनं करार वाढवला नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी तो बॅग घेऊन आईच्या, आक्काताईच्या दारात उभा राहिला.

"आलास? हातपाय धू," एवढंच आक्काताई म्हणाली.

सहा महिने त्याला सवयीनं पहाटे साडेपाचला जाग यायची, पण उठून जायला मैदान नव्हतं. अशात वारणानगरजवळ एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं. धिप्पाड, दाढीवाला माणूस पाहिजे म्हणून ओळखीचा मेकअपवाला त्याला घेऊन गेला. काम चार दिवसांचं होतं : विजयसिंह नावाचा दारुडा दीर, विधवा वहिनीला छळणारा. संवाद म्हणताना प्रसेनजीतची जीभ जड व्हायची. पण समोरच्यावर नजर रोखून वाट अडवणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. बायाबापड्यांना विजयसिंहची अशी काही चीड आली, की चार दिवसांचं दीड वर्ष झालं.

मधल्या रिकाम्या दिवसांत पोरींना फुटबॉल शिकवावा म्हणून तो हातकणंगल्याकडच्या एका शाळेत गेला.

"तुमचा खेळ मी स्वतः बघितलाय," मुख्याध्यापक म्हणाले. "पण पालक ऐकंनात. म्हणत्यात, त्या माणसाच्या हवाली पोरी करायच्या न्हाईत."

"सर, ते सोंग हाय की."

"मला कळतंय वो," म्हणत त्यांनी चहाचा कप पुढं सरकवला.

पुढं मालिकेची लोकप्रियता घसरली, आणि विजयसिंहला मारायचं ठरलं. वहिनीच्या पायाशी तडफडत जीव सोडायचा होता. प्रसेनजीतनं तो असा सोडला, की पहिल्यांदाच सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तो आईला म्हणाला, "थोडी सुट्टी हाय."

तो भाग लागला त्या संध्याकाळी आक्काताईनं टीव्ही लावलाच नाही. भाग संपला तशी शेजारची धोंडुबाई हसत दारात आली.

"आक्काताई, मेला की गं एकदाचा! सुटली बिचारी."

"धोंडे," आक्काताई भाकरी थापता थापता थांबली, "उद्यापास्नं माझं पोरगं काय करनार, ते सांग."

आतल्या खोलीत प्रसेनजीतनं ते ऐकलं. आईला सगळं ठाऊक होतं तर.

नंतर तो तीनदा मुंबईला ऑडिशनला जाऊन आला. तिन्ही ठिकाणी त्याला दारुडाच व्हायला सांगितलं, आणि तिन्ही कामं दुसऱ्याला मिळाली.

परवा रविवारी तालमीच्या जुन्या संघाची मॅच होती, म्हणून तो स्टेडियमवर गेला. गॅलरीत कुणीतरी ओरडलं, "विजयसिंह, जित्ता हाईस व्हय रं!" सगळे हसले. त्यानंही हात वर केला. शेजारचा माणूस मोबाईल काढून जवळ सरकला.

"पावणं, एक फोटो द्या की. जरा रागानं बघा."

त्यानं बघितलं. तेवढ्यात खाली गोल झाला, अख्खी गॅलरी उठून नाचायला लागली.

"फोटो हालला बघा," तो माणूस म्हणाला. "परत एकदा."