तोंडाला लावलेला तारपा

डहाणूला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते तेव्हा मला एक वेड लागलं होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या, तीन-तीन मिनिटांच्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या गाण्याच्या फिल्म्स. तिकडे म्हणे हॉटेलांत मशीन असायचं, नाणं टाकलं की एक गाणं दिसायचं. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर त्या बघत बसे. मालक विचारायचे, "इंग्रजी कळतं का तुला?" नाच बघायला कुठलं इंग्रजी लागतं!

खरं तर त्या बघताना मला बाबा आठवायचे. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर भात कापून झालं की बाबा तारपा वाजवायचे आणि सगळे त्यांच्याभोवती फेर धरायचे. भोपळ्याचं ते वाद्य, न थांबता फुंकावं लागतं. आता बाबांना दमा जडला होता आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या वाजवण्याचं माझ्याकडे एकच जुनं रेकॉर्डिंग होतं, तेही नुसता आवाज. सातासमुद्रापलीकडच्या माणसांना मी रोज बघायची आणि माझ्या बापाचं वाजवतानाचं एक चित्र माझ्याकडे नव्हतं. स्वतःचाच राग यायचा.

एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, जुना आवाज लावते. तू तारपा नुसता तोंडाला लाव, मी शूटिंग करते."

"खोटं वाजवू? या वयात?" बाबा तारप्याला हात लावेनात.

मग मी विषय बदलून माझी आवडती फिल्म दाखवली. एक जाडा ट्रम्पेटवाला डोळे मिटून सूर लांबवत होता. बाबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला.

"हा फुंकत नाय."

"काहीतरीच!"

"छाती बघ ना त्याची. सूर चाललाय नि छाती हलत नाय."

मी ती फिल्म वीस वेळा तरी पाहिली असेल, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. गाणं आधी रेकॉर्ड करायचे आणि मग ते लावून चित्र घ्यायचे, असं मी वाचलं होतं. तसं सांगितलं.

"पन आवाज त्याचाच ना?"

"त्याचाच."

"मंग खोटं नाय," म्हणाले आणि धुतलेला सदरा घालायला आत गेले.

अंगणात मी बाबांच्या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. बाबांची बोटं बरोबर चालत होती, पाय ठेका धरत होते. आणि मध्येच आईचा आवाज आला. रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी फेरात नाचता नाचता तिने बाबांना चिडवलं होतं, हे मी विसरूनच गेले होते.

"काय रं, दमलास का?"

बाबांची बोटं थांबली. मग त्यांची छाती भरली आणि ते खरंच फुंकायला लागले. जुन्या सुरावर दुसरा तारपा, फाटका, एका श्वासापुरता. नंतर नुसता खोकला. मी मोबाईल टाकून पाणी आणायला धावले.

बाबाही आता नाहीत. व्हिडिओ बघणारे सांगतात, मध्येच आवाज फाटलाय, तेवढा कापून टाक. मी कापत नाही. त्या दिवशी बाबांनी तेवढंच तर वाजवलं होतं, तेही आईने विचारलं म्हणून.